दाजींच्या वजनाची स्प्रिंग

रस्त्यात उभी गाडी दिसली की मामाचे हात शिवशिवायचे. गाडी कोणाची का असेना, तो मागून जायचा, तळहात टेकवायचा आणि अंगातला सगळा जोर लावून दाबायचा. ती खाली जाऊन कशी वर येते ते मान वाकडी करून बघायचा, "गेलेत हिचे" असं स्वतःशीच पुटपुटायचा आणि पुढे निघायचा. या सवयीपायी त्याने लोकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. एकदा तर आत माणूस झोपलेला होता. भाची लहान असताना त्याला दाबूमामा म्हणायची. पुढे त्यातला दाबू गळून गेला आणि मामा तेवढा उरला. गिऱ्हाइकं, शेजारी, सुट्या भागांचा दुकानदार, सगळ्यांचाच तो मामा. स्वतःचं लग्न त्याने केलं नाही, पण भाच्यांचा तोटा त्याला कधी पडला नाही.

काम एकच करायचा, सस्पेन्शनचं. इंजिनाला हात लावायचा नाही. "इंजिन गाडीला पळवतं, मी वर बसलेल्याला वाचवतो," हे तो जरा जास्तच ऐटीत सांगायचा, आणि ऐकणारा हसला की त्याला राग यायचा. दोन गोदामांच्या मध्ये चेपलेली त्याची लांबोडी खोली. भिंतीवर खिळ्यांना स्प्रिंगा टांगलेल्या, जमीन तेल पिऊन पिऊन काळी झालेली. पण खिडकीखालचा बाक मात्र असा लख्ख की तिथे टेकायची कोणाची छाती व्हायची नाही. शॉकअपच्या पोटात धुळीचा एक कण गेला तरी सील कापलं जातं. त्या बाकावर चहाचा कप ठेवला म्हणून त्याने एका जुन्या मित्राशी अबोला धरला होता, आणि तो मोडायला मित्रालाच यावं लागलं.

दुकान मूळचं वडिलांचं. वडिलांचा एक नियम होता, तो त्यांनी दोन्ही पोरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. गिऱ्हाइकाने तोंडाने सांगितलेलं वजन धरायचं नाही. वजनाच्या बाबतीत जगात कोणी खरं बोलत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. पुरुष छाती फुगवून वाढवून सांगतात, बायका कमी करून सांगतात आणि शर्यतीतली पोरं मित्राचं वजन स्वतःचं म्हणून सांगतात. म्हणून बूट, हेल्मेट, जाकीट सगळं चढवून माणसाला गाडीवर बसवायचं आणि गाडी किती खाली गेली ते फितीने मोजायचं. याला ते बैठक म्हणायचे. चाकाला वरखाली व्हायला जेवढी जागा असते, तिच्यातला तिसरा हिस्सा माणूस नुसता बसल्यावर वापरला गेला पाहिजे. गाडी त्याहून कमी बसली तर स्प्रिंग त्या माणसाला कडक, वाटेतला दगडन्‌दगड त्याच्या मणक्यात जाणार. जास्त बसली तर मऊ, पहिल्याच खड्ड्यात बूड आपटणार.

फितीचं टोक धरून आकडा मोठ्याने वाचायचं काम धाकट्या बहिणीचं, चिमीचं. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात फेकून ती गाडीच्या मागे उकिडवी बसायची. "कमी बसतेय, बाबा, सोडा अजून," असं ती म्हणायची आणि वडील स्प्रिंगवरची कडी फिरवून ढिली करायचे. पुढे पुढे तिला फीतही लागेनाशी झाली. गाडीवर माणूस बसला की ती डोळ्यांनीच सांगायची, आणि फितीने मोजलं की तेच निघायचं. मामाला हे जमायला बरीच वर्षं लागली, आणि धाकट्या बहिणीपाशी ते कबूल करायला त्याहून जास्त.

दाजी मुळात या दुकानाचं गिऱ्हाईक. आडवातिडवा, पैलवानी देहाचा, मोठ्याने हसणारा तरुण. त्याच्याकडे क्वाड होती. क्वाड म्हणजे चार जाड टायरांवरची मोटारसायकलच, हँडल धरून वर स्वार व्हायचं. त्याची खास खेळाची होती, एकट्याने बसायची, साखळीवर पळणारी, अंगाने हलकी आणि स्वभावाने चिडकी. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत तो ती उडवायचा आणि दर थोड्या दिवसांनी शॉकअप घेऊन दुकानात हजर. एवढे शॉकअप कोणाचेच जात नाहीत, हे वडिलांच्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर चिमीचा होकार होऊन गेला होता. मामाची आणि त्याची दोस्ती अरे-तुरेची. लग्नाच्या दिवशी मात्र मामाने 'तू'चं 'तुम्ही' केलं आणि मग कधी बदललं नाही. दाजी चिडवायचे, पण मामाचं एकच उत्तर, "बहिणीचा नवरा म्हणजे मान द्यायचा. मनात काय म्हणतो ते माझं मी बघेन."

चिमी क्वाडला सवत म्हणायची. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की दाजींची चुळबूळ सुरू व्हायची, आणि ते किल्ली घेऊन दाराशी पोचले की ती आतून ओरडायची, "जा, जा माझ्या सवतीकडे!" सगळी आळी हसायची. मग संसार वाढला, दाजींचे गुडघे कुरकुरायला लागले, लेक शिकून दूरच्या शहरात नोकरीला गेली. सवत मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. विकायचं नाव मात्र दाजींनी कधी काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर चिमीनेही नाही.

एके सकाळी दाजी टेम्पोत घालून तीच क्वाड दुकानासमोर घेऊन आले. अंगात ढगळ, सैलसर जाकीट होतं. दाजी बारीक झाले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण चिमीने ते सगळ्यांना सांगितलं होतं. गोड सोडलं, ताट अर्ध्यावर आणलं, सकाळी फिरायला जातात. आयुष्यभर बायकोने कानीकपाळी ओरडून सांगितलं ते एकदाचं डोक्यात शिरलं, म्हणून ती खूश होती. मामालाही कौतुक वाटलं होतं.

"मामा, हिचं सस्पेन्शन बदलायचंय," दाजी म्हणाले. "दुरुस्ती नको. जे जे चांगलं बसवता येईल ते सगळं बसव."

"दाजी, ही म्हातारी झाली. हिच्यावर एवढं करण्यापेक्षा नवी घ्या की."

"नवी काय करू? हीच पाहिजे. खाणीची एक फेरी मारायची आहे हिच्यावरून. आणि एक सांगतो, झटका लागता कामा नये. अजिबात."

"पाठ धरते का?"

"तसंच समज."

इथे मामाने म्हणायला हवं होतं, "बसा बघू गाडीवर." सुट्टीत हौसेने येणाऱ्या पोराटोरांना, स्वतः दुसऱ्या गावी गॅरेज चालवणाऱ्यांना, सगळ्यांना तो बसवायचा. कोणी वजन सांगायला लागलं की हात वर करून गप्प करायचा. दाजींना बसवलं नाही. घरच्या माणसाला काय बसवून बघायचं? फार पूर्वी खाणीत दाजींचा घोटा मोडला होता, तेव्हा मामाने त्यांना पाठुंगळी मारून वरच्या रस्त्यापर्यंत चढवून आणलं होतं. ते वजन त्याच्या कमरेला पाठ झालं होतं. त्यातून पथ्यापाण्याचे थोडे किलो वजा केले आणि स्प्रिंगवाल्याला फोन करून टाकला. सगळ्या जन्मात नियम मोडला तो एकदाच, आणि तोही आपल्या माणसासाठी.

मग त्याने कामाला हात घातला. ताडपत्रीखालच्या ओलीने मागच्या जोडाची बेअरिंगं गंजून दगड झाली होती, ती दाबून काढताना मामाचा घाम निघाला. पुढचे मूळचे शॉकअप कंपनीने कायमचे बंद करून दिलेले, उघडून तेल बदलायची सोयच नाही. ते फेकले. त्यांच्या जागी लांब पल्ल्याचे, बाजूला तेलाची छोटी टाकी असलेले घेतले. एकामागून एक दगड लागले की शॉकअप तापतो, तेल पातळ होतं आणि गाडी उड्या मारायला लागते. टाकी असली की तेलाला थंड व्हायला जागा मिळते. लांब शॉकअपला जुने आर्म, म्हणजे पुढची चाकं धरून ठेवणारे लोखंडी हात, तोकडे पडतात, म्हणून रुंद आर्म आले. रुंद आर्मला स्टीअरिंगचे दांडे लांब लागतात, ब्रेकच्या नळ्या लांब लागतात. हे बरेच जण विसरतात आणि हँडल वळवल्यावर नळी ताणली की आठवतात. मामा विसरला नाही. मागचा शॉकअप त्याने खिडकीखालच्या बाकावर उघडला, आतल्या पत्र्याच्या पातळ चकत्या एकेक पुसून अशा रचल्या की चाक दगडावर चढताना पटकन आत जावं आणि परतताना मात्र घाई करू नये. परतताना घाई केली की वरचा माणूस उडतो. त्या दिवसांत तो गुणगुणत होता. एवढं मन लावून केलेलं काम त्याला स्वतःला आठवत नव्हतं.

बसवून बघायच्या दिवशी दाजी दुपारी आले. पिशवीतून जुने बूट, हेल्मेट, छातीचं चिलखत काढून सगळं चढवलं. मामाने फीत लावली. "बसा," तो म्हणाला. दाजी बसले.

गाडी जागची हलली म्हणावी इतकीच हलली.

"नीट बसा की. अंग चोरून काय बसताय?"

"पूर्ण बसलोय, मामा."

मामाने परत मोजलं. मग कडी सोडली तेवढी सोडली, तरी फरक पडेना. स्प्रिंग चुकीची आली असणार म्हणून वाकून तिच्यावरचा आकडा बघितला. बरोबर होती. मग जोडाचे बोल्ट जास्त आवळले गेले असतील म्हणून ते ढिले केले, चाक हाताने वरखाली करून बघितलं. लोण्यासारखं चालत होतं. स्प्रिंगवाल्याला त्याने दोन शिव्या हासडल्या, मग स्वतःला हासडल्या. दाजी वर बसून मुकाट बघत होते. त्यांच्यासारखा बोलका माणूस इतका गप्प, तेव्हा कुठे मामाच्या मनात पाल चुकचुकली. तो उठला, दाजींच्या मागे गेला आणि गाड्यांवर टेकवायचा तोच तळहात त्यांच्या खांद्यावर ठेवून त्याने दाबलं.

जाकिटाखाली खांदा राहिलाच नव्हता. नुसतं हाड हाताला लागलं.

"किती दिवस झाले?" मामाने विचारलं.

"कळून काही महिने झाले." दाजींनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "पोटात गाठ आहे. पसरली आहे. पथ्यबिथ्य काही नाही रे, जेवणच जात नाही. डॉक्टर म्हणतात औषधं सुरू करू. पण बरं व्हायला नाही, थोडं लांबवायला. आणि ती सुरू झाली की गाडीचं नाव काढायचं नाही. म्हटलं, त्याच्या आधी एक फेरी मारून घेऊ. पण साधा रस्त्याचा खड्डा आला तरी आतून कळ येते. म्हणून तुझ्याकडे आलो."

मामाला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. "आणि माझ्या बहिणीला सांगितलं नाहीस तू? ती गावभर तुझ्या पथ्याचं कौतुक सांगत फिरते आणि तू ऐकून घेतोस? लाज नाही वाटत?" इतक्या वर्षांचं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"वाटते ना." दाजींनी ते नाकारलं नाही. "पण एकदा सांगितलं की ती मला पेशंट म्हणून बघायला लागेल. हळू चाला, इथे बसा, पांघरूण घ्या. रागावणं बंद करेल माझ्यावर. मला तिनं एकदा पूर्वीसारखं वैतागून म्हणायला पाहिजे, जा माझ्या सवतीकडे. एकदाच. मग काय ते सांगतो."

"आणि मी तोंडात मूग धरून बसू?"

"फेरी होईपर्यंत. फेरी झाली की त्याच दिवशी मी स्वतः सांगणार."

मामाने शब्द दिला. देऊन चूक केली असं त्याला लगेच वाटलं, पण दिलेला शब्द माघारी घ्यायची त्याला सवय नव्हती. दाजींना त्याने पुन्हा बसवलं, या वेळी बूट, हेल्मेट, जाकीट, सगळ्यासकट शेजारच्या गोदामातल्या मालाच्या वजनकाट्यावर. आकडा बघून त्याने तोंड फिरवलं. मग स्प्रिंगवाल्याला फोन करून नव्या, मऊ स्प्रिंगा सांगितल्या. आधीच्या स्प्रिंगांवर दाजी खाणीत गेले असते तर प्रत्येक दगडाने त्यांचं पोट फाडून काढलं असतं, आणि त्या स्प्रिंगा मामाच्या हातच्या असत्या.

चिमी एकट्या भावासाठी अधूनमधून डबा घेऊन यायची. त्या दिवसांत मामाने एक युक्ती काढली होती, ती आली की तोंड भरून घास घ्यायचा, म्हणजे बोलावं लागत नाही. "काय रे, दुष्काळातून आल्यासारखा जेवतोयस?" ती म्हणायची. त्याच्या पोटात लहानपणापासून काही राहायचं नाही. बाबांची फीत त्याने तोडली होती तेव्हाही चिमी विचारायच्या आत तो सांगून बसला होता. आता तो घास गिळायचा आणि मान खाली घालायचा.

नव्या स्प्रिंगा बसल्या त्या दिवशी ती अशीच आली. डबा कपाटावर ठेवला आणि क्वाडभोवती फिरली. नवे रुंद आर्म, चकचकीत शॉकअप, स्वच्छ धुतलेली साखळी. "नटवलीस की माझ्या सवतीला!" ती म्हणाली. "बघू तरी हिच्यात एवढं काय आहे ते." आणि तिने पाय टाकायला हँडल धरलं.

मामाने तिला थांबवायला हवं होतं. हात ओले आहेत, बोल्ट कच्चे आहेत, काहीही सांगता आलं असतं. त्याने थांबवलं नाही. पुढे त्याने यावर पुष्कळ विचार केला. आपण शब्द मोडला की नाही, हे त्याचं त्यालाच शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"माझ्यानं हलायची पण नाही म्हणा," चिमी हसत म्हणाली. "ह्यांच्या वजनाला लावलेली." आणि ती बसली.

गाडी तिच्याखाली शांतपणे खाली गेली आणि बरोबर जिथे थांबायला हवी तिथे थांबली. कमी नाही, जास्त नाही. तिसरा हिस्सा. फीत लावायची गरज नव्हती. चिमीला ते बसल्याबसल्या कळलं. तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिने एकदा अंग उचलून परत टेकवलं. गाडी परत तिथेच येऊन थांबली.

"दादा, चुकलास तू," ती म्हणाली. "मऊ झाली. ही तर माझ्या वजनाला बसली."

मामाने मान खाली घातली. या वेळी तोंडात घास नव्हता.

"दादा?"

मग चिमी हळूहळू बोलायला लागली, त्याच्याशी नव्हे, स्वतःशीच. "पट्ट्याला नवी भोकं पाडून आणली. मी म्हटलं, वा. उकाड्यातसुद्धा जाकीट काढत नाहीत. मी म्हटलं, बारीक झाल्यावर थंडी वाजत असेल. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतात." तिने हँडल घट्ट धरलं होतं. "बूट-हेल्मेट घालून ते आणि साध्या कपड्यांत मी, सारखेच. दादा, मी शेजारणींना बोलावून दाखवलं रे. बघा, म्हटलं, कसे बारीक झालेत. ऐकतात माझं, म्हटलं."

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हुंदके देऊन रडली नाही. गाडीवरच बसून नुसती डोळे पुसत राहिली, आणि डोळे थांबेनात.

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

मामाने होय म्हणून मान हलवली.

"मला सांगायचं नाही म्हणून?"

पुन्हा तशीच मान हलवली.

"खाणीत कधी नेणार आहेत हिला?"

"येत्या सुट्टीला. सकाळी."

ती उतरली. पदर सोडून त्याच्या तेलकट फडक्याला तोंड पुसलं आणि गालावर काळं लागलं ते तिला कळलंही नाही. "मी काही बघितलेलं नाही," ती म्हणाली. "तूही काही बोललेला नाहीस." दाराशी जाऊन परत आली आणि म्हणाली, "जेवून घे. गार होईल." मग गेली.

सुट्टीच्या सकाळी खाणीत कोणी नव्हतं. दाजींनी घरून निघताना किल्ली वाजवून "मामाकडे जातो" म्हटलं होतं, पण आतून नुसतं "बरं" आलं होतं. टेम्पोतून गाडी उतरवून ते वर बसले आणि मामा फीत घेऊन मागे वाकला. गाडी कमी बसत होती. मधल्या दिवसांतही दाजींचं वजन उतरलं होतं. आता हे तोंडाने कसं सांगायचं या विचारात तो घुटमळला, तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या हातातली फीत काढून घेतली. चिमी होती. वरच्या रस्त्यावरून पायवाटेने उतरून आली होती, धापा टाकत होती. ती लहानपणी बसायची तशी गाडीमागे उकिडवी बसली, फीत लावली आणि आकडा मोठ्याने वाचला.

"कमी बसतेय, दादा," ती म्हणाली. "सोड अजून."

मामाने कडी सोडली. तिने पुन्हा वाचला. "अजून थोडी." मामाने अजून सोडली. "आता बरोबर."

दाजी पुढे बघत बसले होते, वळायचा धीर त्यांना होत नव्हता. "तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हिनं." चिमीने सीटवर हात ठेवला. "तुम्ही दोघांनी नाही सांगितलंत. सवत बरी, निदान खरं तरी बोलली."

"रागावलीस?"

"खूप. घरी गेल्यावर बघते तुमच्याकडे." मग ती उठून त्यांच्यासमोर आली आणि हेल्मेटचा पट्टा तिने स्वतः आवळला. पट्टा लवकर लागेना. दाजींनी हनुवटी वर धरून ठेवली होती. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघांनीही ते लपवलं नाही.

दाजी निघाले. सुरुवातीला अगदी हळू, मग जरा बेताने. मामाची नजर त्यांच्यावर नव्हती, चाकांवर होती. दगडाळ पट्ट्यावर चारही चाकं आपापली वरखाली होत होती, झपाझप, आणि वरचा माणूस मात्र पाण्यावरून जावा तसा सरळ चालला होता. वळणावरच्या खड्ड्यात मागचं चाक खोल गेलं, तेव्हा मामा एक पाऊल पुढे सरकला. गाडी घाई न करता वर आली. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी गाड्या लावल्या, शर्यती जिंकलेल्याही लावल्या, पण हात जोडून असा कोणत्याच गाडीकडे तो बघत राहिला नव्हता.

फेरी पूर्ण करून दाजी परत आले. गाडी थांबवली, हेल्मेटची काच वर केली. चेहरा दमलेला, पण मोकळा होता.

"लागला झटका?" मामाने विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले. "एकही नाही." आणि एक पाय काढून ते उतरायला लागले. एकच फेरी ठरली होती, ती झाली होती. आता घरी जाऊन बोलायचं होतं, मग डॉक्टर, मग पुढचं सगळं.

चिमी त्यांच्याकडे बघत उभी होती. दाजींनी मामाला त्या दुपारी काय सांगितलं होतं, कोणतं वाक्य ऐकायचं म्हणाले होते, हे मामाने तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिने कंबरेवर हात ठेवले. तोंड वाकडं केलं. आणि पूर्वी सगळ्या आळीला ऐकू जायचा तसा आवाज लावला.

"उतरताय काय? एवढं नटवून आणलंय तिला! जा, जा माझ्या सवतीकडे! अजून एक फेरी मारून या!"

दाजी तिच्याकडे बघतच राहिले. मग मोठ्याने हसले, पूर्वी हसायचे तसे, पोट धरून. पाय परत पलीकडे टाकला आणि दुसऱ्या फेरीला निघाले. वळणापलीकडे ते दिसेनासे झाल्यावर चिमी खाली बसली, आणि मामा तिच्याशेजारी बसून फीत गुंडाळत राहिला.